विमानात बाळाला नेमकं कशानं धरलेलं असतं?

माझी भाची संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण करायला न्यू जर्सीहून नाशिकला आली. बाळ आठ महिन्यांचं. युरोपपर्यंत अमेरिकन कंपनीचं विमान होतं आणि तिथून मुंबईपर्यंत युरोपीय कंपनीचं. पहिल्या विमानात तिला सांगितलं गेलं, बाळाला मांडीवर घ्या आणि हातांनी नीट धरा. दुसऱ्या विमानात ती बसते न बसते तोच क्रूमधल्या बाईंनी एक छोटा पट्टा आणून दिला आणि हा बाळाला लावल्याशिवाय चालणार नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच तिनं विचारलं, "मामा, बाळ तेच, मी तीच. मग खरं कोणाचं?"

मी बरीच वर्षं विमानांच्या केबिनची देखभाल केली आहे. पाळणे, पट्टे, लाइफ जॅकेटं माझ्या हाताखालून गेली आहेत. तरी तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. मराठी घरांतून हल्ली कितीतरी बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच समुद्र ओलांडतात, कधी आईबाबांबरोबर, कधी आजीच्या मांडीवर. त्या सगळ्यांसाठी हे लांबलेलं उत्तर.

हातांचा भरवसा किती धरायचा?

जगात बहुतेक ठिकाणी दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन प्रवास करता येतो. केबिनमध्ये चहाची ट्रॉलीसुद्धा खटक्यानं अडकवल्याशिवाय विमान उडत नाही, आणि बाळाला मात्र नुसते हात चालतात. हात कुठे कमी पडतात हे कळायला एसटीचा अनुभव पुरेसा आहे. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की मांडीवरची पिशवी पुढे जाते. पिशवीचं वजन वाढलेलं नसतं, पण त्या क्षणी ती कितीतरी पट जड लागते. ती किती पट जड झाली हे मोजायचं माप म्हणजे 'जी'. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन, दोन जी म्हणजे त्याच्या दुप्पट.

१९८८ साली अमेरिकेत नव्या रचनेच्या विमानांसाठी सीटचा नियम बदलला. तेव्हापासून अशा सीटची चाचणी समोरच्या दिशेनं १६ जीच्या धक्क्यानं घेतली जाते. १० किलोचं बाळ त्या क्षणी १६० किलोच्या ओढीनं पुढे जाईल, म्हणजे सिमेंटच्या तीन गोण्यांहून जास्त. कुठल्याही आईचे, कुठल्याही पैलवानाचे हात ते धरू शकत नाहीत. इथे मायेचा काहीच संबंध नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण "मी माझ्या बाळाला सोडीन का?" हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागला आहे. ती सोडत नाही. ते सुटतं.

पण असा अपघात अत्यंत दुर्मिळ असतो. खरी गाठ पडते ती हवेतल्या खड्ड्यांशी, म्हणजे टर्ब्युलन्सशी. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असताना अशा हवेत सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेनं नंतर सांगितलं की ०.६ सेकंदात विमानातला जोर अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेला. उणे म्हणजे जमीन खालच्या ऐवजी वर असल्यासारखं. ज्यांचे पट्टे सुटे होते ते सीटवरून उचलले गेले.

आता बाळाचा विचार करा. बाळाला धरताना आपण त्याला खाली पडू नये म्हणून खालून आधार देतो. हातांना तीच सवय असते. उणे १.५ जीमध्ये १० किलोचं बाळ १५ किलोच्या जोरानं छताकडे ओढलं जातं, आणि त्याला वरून खाली दाबायला हवं हे हातांना उमगेपर्यंत ०.६ सेकंद संपलेले असतात. मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानातही १ मे २०२२ रोजी अशाच हवेनं प्रवासी आणि क्रू जखमी झाले होते. म्हणजे हे काही दूरदेशीचं नवल नाही.

छोटा पट्टा: इकडे सक्ती, तिकडे बंदी

भाचीला दुसऱ्या विमानात मिळाला तो बाळाचा जोडपट्टा. त्याला मागे एक फास असतो. आईचा पट्टा त्या फासातून ओवायचा आणि छोटा पट्टा बाळाच्या पोटाभोवती वेगळा लावायचा. युरोप आणि ब्रिटनमध्ये मांडीवरच्या बाळाला तो लावावाच लागतो. आपल्याकडच्या विमानांतही तो दिला जातो. अमेरिकेत मात्र १९९६ पासून विमान जमिनीवर धावताना, उडताना आणि उतरताना तो वापरायला बंदी आहे.

दोन्ही ठिकाणची माणसं शहाणी आहेत, पण त्यांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी संकटं आहेत.

अमेरिकेनं जोरदार आदळण्याचा विचार केला. अशा वेळी आईचं कमरेवरचं शरीर घडीसारखं पुढे मिटतं. बाळ तिच्या पोटाशी बांधलेलं असेल तर ते तिचं शरीर आणि समोरची सीट यांच्यामध्ये सापडतं, आणि त्याच्या नाजूक पोटावर पट्ट्याचा सगळा ताण येतो. म्हणजे पट्टा बाळाला उडू देत नाही, पण त्या धक्क्यातून वाचवतही नाही. युरोपनं हवेतल्या खड्ड्यांचाही विचार केला. तिथे आई घडी होत नाही, बाळ वर उचललं जातं, आणि तेव्हा हा पट्टा आपलं काम चोख करतो.

मी भाचीला सांगितलं, बाळ मांडीवरच असेल आणि पट्टा मिळत असेल तर नक्की लाव, बाळ मांडीवर आहे तोवर काढू नकोस. खडबडीत हवा कुठल्याही प्रवासात भेटू शकते आणि तिथे पट्टा हातांपेक्षा कितीतरी पटीनं बरा. पण पट्टा लावला म्हणजे बाळ आपल्याइतकंच सुरक्षित झालं, असं समजू नकोस.

एक चूक मी स्वतः पाहिली आहे आणि ती सगळ्यात घातक आहे: आई आणि बाळ दोघांभोवती मिळून आईचाच एक पट्टा लावणं. धक्का बसला की आईचं सगळं वजन बाळाला पट्ट्यावर चिरडतं. मायेपोटी केली जाणारी ही गोष्ट कृपा करून कधीही करू नका. पोटाशी बांधायच्या कापडी झोळीचंही तसंच. बाळाला निजवायला ती छान आहे, उडताना आणि उतरताना तिला संरक्षण समजू नये.

पाळणा निजायला आहे, वाचवायला नाही

लांबच्या विमानांत पुढच्या भिंतीला अडकवतात तो पाळणा, म्हणजे बॅसिनेट, सगळ्या आईबाबांना हवा असतो. सोळा तासांच्या प्रवासात हात मोकळे होणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. पण तो सोयीचा पाळणा आहे. विमान धावताना, उडताना, उतरताना तो वापरत नाहीत. पट्ट्याचा दिवा लागला की बहुतेक कंपन्या बाळाला बाहेर काढून मांडीवर घ्यायला आणि जोडपट्टा लावायला सांगतात, मग ते तासाभराच्या रडण्यानंतर नुकतंच डोळा लागून निजलेलं का असेना.

इथे भांडण होतं. "आत्ताच झोपलंय, पाच मिनिटं राहू द्या ना." मला त्या आईची कणव येते, पण क्रूचं बरोबर असतं. घरचा पाळणा कुणी उचलून छताकडे फेकला, तर वरचं कापडी झाकण बाळाला किती अडवेल? पाळण्यावर लिहिलेली वजनाची मर्यादाही गंभीरपणे घ्या. ती कंपनीगणिक वेगळी असते आणि वजन पाळण्यापुरतं नाही, त्याच्यामागच्या भिंतीपुरतंही मोजलेलं असतं.

त्या भिंतीत काय आहे?

पाळणा ज्या भिंतीला टांगतात तिला बल्कहेड म्हणतात. बाहेरून ती भक्कम दिसते, पण आत मधाच्या पोळ्यासारखा पोकळ, षटकोनी खणांचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना पातळ पत्रे चिकटवलेले असतात. विमानात प्रत्येक ग्रॅम मोजला जातो, म्हणून ही रचना. अशा भिंतीत स्क्रू सरळ बसत नाही. घरच्या पोकळ फ्लश दाराला कडी लावून बघा, चार महिन्यांत ती हलायला लागते. म्हणून बल्कहेडमध्ये आधी धातूची छोटी नळी राळेनं घट्ट बसवतात आणि पाळण्याची खोबण तिच्यात आवळतात. सगळा भार त्या बोटभर जागेवर येतो.

खोबण हलकीशी हलायला लागली तर स्क्रू आणखी आवळून काम भागत नाही. आतली राळ सुटली असेल तर आवळण्यानं छिद्र मोठंच होतं. ती दुरुस्ती विमान बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेप्रमाणे करावी लागते आणि तोवर ती जागा बंद ठेवतात. प्रवाशानं कितीही विनवणी केली तरी तिथे पाळणा लागत नाही. वर्षांमागून वर्षं वेगवेगळ्या बाळांचं वजन याच चार जागांवर येत असतं. हँगरमध्ये रात्री टॉर्च घेऊन खोबणीभोवतीच्या रंगातली केसाएवढी चीर शोधताना मला नेहमी ते न दिसणारं बाळ आठवायचं, जे उद्या तिथे निजणार होतं.

पाळणा लावताना क्रू काय पाहतात, तेही सांगतो, म्हणजे ते वेळ काढत आहेत असं वाटणार नाही. पट्ट्याचा दिवा विझल्यावरच ते पाळणा आणतात. दोन्ही बाजूंच्या पिना सरळ आहेत ना, खटके आवाज करून पूर्ण बसले ना, हातानं वरखाली दाबून पाळणा डगमगतो का, कापडाची चेन आणि चिकटपट्ट्या धरतात का, वजनाची पट्टी वाचता येते का. यातलं एक जरी चुकलं तरी पाळणा बाजूला. मग दोष केबिनच्या लॉगबुकात लिहिला जातो आणि पुढच्या थांब्यावर इंजिनियर तो बघतो.

पाळण्याच्या कापडाची गोष्ट वेगळीच आहे. केबिनमधलं सीटचं, गादीचं, पडद्याचं कापड चाचणीत उभं टांगून खालून १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर ते १५ सेकंदांच्या आत आपोआप विझलं पाहिजे आणि जळका भाग साधारण २० सेंटीमीटरपेक्षा लांब जाता कामा नये. काही कापडांत हा गुण वर चढवलेल्या रसायनातून येतो आणि वारंवार धुण्यानं तो कमी होतो. म्हणून अशी खोळ किती वेळा आणि कशानं धुवायची ते ठरलेलं असतं. खोळ फाटली म्हणून बाजारातून मऊ, गोड चित्रांची दुसरी आणून शिवता येत नाही. आपली शाल, आपलं दुपटं आत घालायला काही हरकत नाही.

पट्टा आणि जॅकेटसुद्धा म्हातारं होतं

जोडपट्टा म्हणजे विणलेली फीत, बक्कल आणि शिवण. फितीची कड दोऱ्यांनी सुटायला लागली, शिवण उसवली, बक्कल अडकायला लागलं किंवा पट्ट्यावरची माहितीची पट्टी वाचता येईनाशी झाली, तर पट्टा काढून टाकतात. बाळाचा पट्टा मोठ्यांच्या पट्ट्यापेक्षा जास्त सोसतो: दूध, फळांचा रस, बिस्किटाचा लगदा बक्कलमध्ये जातो. तो ब्लीचनं धुतला तर डाग जातील, पण धागेही कमकुवत होतील. तुमच्या हातात आलेला पट्टा लावण्याआधी एकदा लावून-उघडून बघा. आवाज यायला हवा आणि ओढल्यावर सुटायला नको. शंका आली तर दुसरा मागा. क्रूला राग येत नाही.

बाळाचं लाइफ जॅकेटही वेगळं असतं. आपल्या सीटखालचं जॅकेट बाळाला बसत नाही, ते क्रूकडून घ्यावं लागतं आणि त्याला मोठ्या माणसाशी जोडायची दोरी असते. जॅकेट फुगवणारं छोटं सिलिंडर वेळोवेळी तोलून बघतात, जसं आपण घरी गॅसवाल्याला सिलिंडर तोलून द्यायला सांगतो. वजन कमी भरलं म्हणजे गॅस गळलाय.

बाळाला स्वतःची सीट

आदळणं आणि खड्डे, दोन्हींत चालणारा उपाय एकच: बाळाचं वेगळं तिकीट आणि त्यावर पट्ट्यानं बांधलेली बाळाची सीट, म्हणजे कार सीट. पण गाडीत बसणारी प्रत्येक सीट विमानात बसत नाही. गाडीत हल्ली ती आयसोफिक्सच्या आकड्यांवर, म्हणजे गाडीतच बसवलेल्या हुकांवर बसते. विमानात ते आकडे नसतात, कमरेचा एकच पट्टा असतो. सीट अरुंद असते आणि तोंड मागे करून बसवायची सीट समोरच्या पाठीला टेकते.

म्हणून आधी सीटवरचं लेबल वाचा. अमेरिकेत विकलेल्या सीटवर ती मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. 'आर ४४' किंवा 'आर १२९' हे युरोपीय शिक्के गाडीबद्दल बोलतात, विमानाबद्दल कंपनीला आधी विचारावं लागतं, आणि उत्तर लेखी घ्यावं. नुसत्या बुडाचा, पाठ नसलेला बूस्टर चालत नाही.

कुठे बसवायची? सहसा खिडकीशी, म्हणजे पळायची वेळ आली तर कुणाची वाट अडत नाही. आपत्कालीन दारांच्या रांगा सोडून. आणि एक गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते: काही सीटच्या पट्ट्यात एअरबॅग शिवलेली असते, बऱ्याचदा पहिल्या रांगेत आणि बिझनेस क्लासमध्ये. तिथला पट्टा जाड असतो. तिथे बाळाची सीट बसवू नये. बसवल्यावर पट्ट्याच्या वाटेजवळ धरून ती हलवून बघा, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पट्टा पुन्हा आवळा. मग बक्कल एकदा उघडूनही पाहा. ते कवचाच्या कडेखाली अडकलं तर ऐन वेळी उघडणार नाही.

थोड्या मोठ्या मुलासाठी, १० ते २० किलो वजन आणि एक मीटरपर्यंत उंची असेल तर, 'केअर्स' नावाचा पट्ट्यांचा साजही आहे. अमेरिकेनं त्याला २००६ साली मान्यता दिली. तो सीटच्या पाठीभोवती लावतात. पण त्यालाही स्वतःची सीट लागतेच.

इतकं स्पष्ट आहे तर सक्ती का नाही?

हा प्रश्न जुना आहे आणि दुखरा आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान, फ्लाइट २३२, नियंत्रण गमावून अमेरिकेतल्या सू सिटीत कोसळलं. आत २९६ जण होते, ११२ गेले. मांडीवर प्रवास करणारी चार मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन यांनी आईबाबांना मुलांना पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं. त्यांतलं एक मूल वाचलं नाही. त्याच्या आईला तोंड देताना जे वाटलं, त्यानंतर ब्राउन यांनी आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं बाळाला वेगळी सीट सक्तीची व्हावी म्हणून घालवली. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानंही १९९० पासून हीच शिफारस केली आहे.

अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए मात्र सल्ला देते, सक्ती करत नाही. तिचं म्हणणं असं: बाळाचं पूर्ण तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीनं जातील आणि रस्त्यावर जास्त बाळं दगावतील. हा हिशेब मी टाकाऊ म्हणणार नाही. महामार्गांची अवस्था आपल्याला ठाऊक आहे. पण मुंबई ते न्यूयॉर्क कुणी गाडीनं जात नाही, आणि तिथे हा युक्तिवाद लागूच होत नाही. लांबच्या उड्डाणांसाठी तरी बाळाचं वेगळं तिकीट स्वस्त व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानातून सुमारे १४,८०० फुटांवर दाराच्या जागी बसवलेला तुकडा उडाला आणि भिंतीला खिंडार पडलं. आत मांडीवरची तीन बाळं होती. तिन्ही वाचली. खिंडाराला लागून असलेल्या दोन सीट रिकाम्या होत्या.

"तिकिटाएवढे पैसे नाहीत, मग?"

बहुतेक घरांचं उत्तर हेच असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तिकीट काढतानाच मांडीवरच्या बाळाची नोंद करा आणि पाळण्याची जागा मागा. जोडपट्टा मिळतो का ते विचारा. रिकामी सीट उरली तर बाळाची सीट आत नेऊ देतील का, हेही विचारा. काही कंपन्या देतात.

आणि जुळी असतील किंवा दोन मैत्रिणी आपापली बाळं घेऊन निघाल्या असतील, तर शेजारीशेजारी जागा मिळाली नाही म्हणून रागावू नका. ऑक्सिजनचे मास्क सीटपेक्षा किमान १० टक्के जास्त ठेवायचा नियम आहे. बऱ्याच विमानांत तीन सीटच्या जोडीला चार मास्क असतात, म्हणजे तिथे मांडीवरचं एकच बाळ बसू शकतं. मास्क खाली आले तर आधी स्वतःला लावायचा, मग बाळाला. ३५,००० फुटांवर माणूस शुद्धीत राहून काम करू शकतो तो अवघं अर्धं ते एक मिनिट. आईच बेशुद्ध झाली तर बाळाला लावणार कोण?

भाची परत गेली तेव्हा मी तिला विमानतळावर सोडलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. पाळणा लावताना डाव्या बाजूचा खटका बसल्याचा आवाज आला नव्हता. तिनं तो क्रूला पुन्हा दाबून बघायला सांगितला, तो तरीही बसला नाही. त्यांनी पाळणा काढला, लॉगबुकात नोंद केली आणि दुसरा आणला. तोवर बाळ तिच्या मांडीवर होतं, जोडपट्टा लावलेलं, झोपलेलं.